अर्ध्या दिवसाचं बेट

"मामा, हे बेट आहे की नाही ते एकदा नक्की सांग ना!"

भाचीचा हा प्रश्न अलिबागच्या किनाऱ्यावर, सकाळी साडेआठच्या सुमारास आला. समोर कुलाब्याचा किल्ला, मध्ये ओली चकाकणारी वाळू आणि काळे खडक. लोक चपला हातात घेऊन चाललेले. शाळेच्या पुस्तकात बेटाची व्याख्या 'चारही बाजूंनी पाण्याने वेढलेला जमिनीचा भाग' अशी, आणि इथे तर चक्क चालत जाता येतंय. आता काय सांगणार? "आत्ता नाही, जेवणाच्या वेळेला होईल," असं म्हटलं. तिला ते मुळीच पटलं नाही.

आम्ही बिबवेवाडीची माणसं. आमचं पाणी म्हणजे नळाची वेळ, टँकर, आणि फार तर कात्रजचा तलाव. समुद्राचं घड्याळ आम्हाला कळत नाही, आणि ते न कळल्यामुळे काय होतं याचा धडा आम्ही याच किल्ल्यावर काही वर्षांपूर्वी घेतलेला आहे. ती गोष्ट आमच्या नातेवाइकांना तोंडपाठ आहे, पण इतरांसाठी थोडक्यात सांगतो. त्या दिवशी एकादशी होती. दुपारी तीनच्या सुमारास गुडघाभर पाण्यातून आम्ही किल्ल्यावर गेलो. आईचा उपास, त्यामुळे डब्यात साबुदाण्याची खिचडी. देवळासमोरच्या पुष्करणीच्या काठावर निवांत बसलो, खाल्लं, गप्पा मारल्या... आणि पाच वाजता दरवाज्याबाहेर येऊन बघतो तर रस्ताच गायब! मी आपला "कमरेएवढंच तर आहे" म्हणत पोराला खांद्यावर घेऊन उतरायला निघालो होतो. तेवढ्यात परत फिरणाऱ्या एका टांगेवाल्याने जे काही सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटचं वाक्य मात्र लक्षात राहिलं : "तिथी बघून यायचं असतं, साहेब!" होडी येईपर्यंत आम्ही मुकाट्याने पायऱ्यांवर बसून राहिलो.

तेव्हापासून मी तिथी बघतो. कोकणातला जुना हिशोब फार सोपा आहे. पंधरवड्यातली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. जे येईल त्या वाजता पूर्ण भरती, आणि तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी. एकादशी म्हणजे अकराचे पाऊणपट, सव्वाआठ. म्हणजे सव्वाआठला भरती, अडीचच्या आसपास ओहोटी. आम्ही तीनला गेलो म्हणजे पाणी चढायला लागल्यावर गेलो! शिवाय एकादशी ही भांगाच्या जवळची तिथी. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं. तेव्हा भरतीला पाणी खूप चढतं आणि ओहोटीला खूप लांब जातं. अष्टमीच्या आगेमागे भांग, तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. त्यामुळे अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला, म्हणजे अगदी सोयीच्या वेळी येऊनही वाट पूर्ण मोकळी होत नाही. उलट उधाणाला वाट मोकळी होते, पण ओहोटी येते पहाटे आणि तिन्हीसांजेला. मग मुलाबाळांना घेऊन जायचं कधी? तर चतुर्थी-पंचमीला. चारचे पाऊणपट तीन, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वानऊला, आणि उधाण नुकतंच होऊन गेल्यामुळे वाटही बऱ्यापैकी कोरडी. किल्ल्यात देऊळ गणपतीचं आणि जायला सोयीची तिथी चतुर्थी! हा योगायोगच, पण आई तो मानायला तयार नाही.

(हिशोब ढोबळ आहे बरं का. त्या दिवसाचं भरतीचं वेळापत्रक बघावं आणि किनाऱ्यावरच्या कोळी मंडळींना विचारावं. पावसाळ्यात तर हा बेतच नको.)

आता हा जो रोजचा खेळ, तोच या किल्ल्याचा खरा पहारेकरी. मार्च १६८० मध्ये, म्हणजे महाराजांच्या निधनाच्या जेमतेम काही दिवस आधी, बांधकाम सुरू झालं. पुढच्या वर्षी ते संभाजीराजांनी पुरं केलं. जागा कशी निवडली बघा. भरतीला पायदळ येऊ शकत नाही. ओहोटीला पायदळ येईल, पण सहा तासांत काम उरकलं नाही तर पाठीमागे समुद्र. आणि मोठी जहाजं? त्यांना हे उथळ, खडकाळ पाणी जवळच येऊ देत नाही.

तटाजवळ गेल्यावर मुलांना हात लावून बघायला सांगा. दगडांचे प्रचंड चिरे नुसते एकावर एक रचलेत, मध्ये चुना नाही. आमच्या चिरंजीवांचं मत पडलं, "घाईत बांधलाय." पण तसं नाही. लाट आपटली की पाणी फटींतून आत शिरतं आणि तिचा जोर तिथेच जिरतो. भिंत लाटेशी भांडत नाही, म्हणून तीनशे चाळीसहून अधिक पावसाळे उभी आहे. एकूण सतरा बुरूज. पोरांना मोजायला लावले तर अर्धा तास शांतता मिळते, हा स्वानुभव. :) उत्तरेला छोटा सर्जेकोट आहे, तिथवर दगडी बांध गेलाय.

पुणेकरांसाठी या किल्ल्याचं खास महत्त्व वेगळंच आहे. शाहू महाराजांचे पेशवे बहिरोपंत पिंगळे कान्होजी आंग्र्यांवर चालून गेले आणि उलट स्वतःच पकडले गेले. कान्होजींनी त्यांना याच कुलाब्यात ठेवलं. म्हणजे छत्रपतींचा पंतप्रधान या तटाच्या आत कैदेत! मग १७१३ साली शाहू महाराजांनी पेशवाई बाळाजी विश्वनाथांना दिली, आणि बाळाजींनी लढाईऐवजी बोलणी करून कान्होजींना आपल्या बाजूला आणलं. बोलणी झाली लोणावळ्याजवळ. आपण अलिबागला जाताना जिथे चिक्कीसाठी गाडी थांबवतो, त्याच भागात! पिंगळे तेव्हा जिंकले असते तर बाळाजी पेशवे झाले असते का, पुढे बाजीराव, शनिवारवाडा, आणि नानासाहेबांनी कात्रजहून आणलेलं पाणी हे सगळं झालं असतं का, कोण जाणे. गाडीत मी हे उत्साहाने सांगत होतो तेव्हा मागच्या सीटवर दोघं झोपलेले होते. असो.

१७२१ च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर आले. इंग्रजांच्या बाजूने खुद्द त्यांच्या राजाच्या आरमारातला कमोडोर मॅथ्यूज, पोर्तुगिजांच्या बाजूने गोव्याचा व्हाइसरॉय जातीने हजर. कान्होजींच्या मदतीला सातारच्या फौजा आल्या, बाजीरावही होते. मॅथ्यूजच्या मांडीत एका मराठा स्वाराने भाला खुपसला. इंग्रजांची पळापळ झाली, मॅथ्यूज पोर्तुगिजांवरच संतापला, आणि पोर्तुगिजांनी मराठ्यांशी वेगळा तह करून टाकला. भाचीला यातलं मांडीतल्या भाल्याचं प्रकरण एवढं आवडलं की ते तिने घरी गेल्यावर ताईला तीन वेळा सांगितलं. इतिहास पोरांच्या डोक्यात शिरतो तो असा.

आता एक तक्रार. किल्ल्यात चाकांच्या गाड्यावर बसवलेल्या दोन तोफा आहेत. जो तो त्यांच्याजवळ उभा राहून फोटो काढतो आणि पोरांना सांगतो, "ही बघ कान्होजींची तोफ!" तोफेवर इंग्लंडातल्या यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव आणि १८४९ साल चक्क कोरलेलं आहे. कान्होजी गेले १७२९ साली. आंग्र्यांचं संस्थान इंग्रजांनी खालसा केलं १८४० साली. म्हणजे या तोफा आंग्र्यांच्या नव्हेत, त्यांचं राज्य बुडवणाऱ्यांच्या! मुलांना तोफ जरूर दाखवा, पण साल त्यांनाच वाचू द्या. आमच्याकडे वजाबाकी भाचीने केली आणि शेजारच्या एका काकांना जाऊन दुरुस्तीही सुचवून आली. काका हसले, म्हणून निभावलं.

गणपतीचं देऊळ राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेलं. आत गणेश पंचायतन आहे. बाजूच्या आवारात गोड्या पाण्याची विहीर. चहूकडे खारं पाणी आणि मध्ये गोडं, हे पोरांना कोणत्याही लढाईपेक्षा अद्भुत वाटतं. किल्ल्यात एक दर्गाही आहे.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. त्यात अलिबागजवळचा खांदेरी आहे, सुवर्णदुर्ग आहे, सिंधुदुर्ग आहे. कुलाबा नाही. खरं तर सबंध जिल्हा १९८१ पर्यंत याच किल्ल्याच्या नावाने ओळखला जायचा, मग त्याचा रायगड झाला. मला थोडं वाईट वाटलं. पण मुलांना घेऊन जायला सगळ्या जलदुर्गांत हाच सोयीचा, कारण इथे पोरं आपल्या पायांनी जातात. जंजिऱ्याला किंवा सिंधुदुर्गाला होडीत बसलं की पोचलं. इथे पायाखाली वाळू, शंख, खेकडे, खडकांवर धारदार कालवं (जुन्या चपला घालून जा, नव्या नकोत), आणि मनात सतत एकच : पाणी कधी फिरेल?

या वेळी आम्ही सव्वाआठला उतरलो, पावणेअकराला परत निघालो. किनाऱ्यावर शहाळी घेतली आणि वाळूत बसून राहिलो. भाची किल्ल्याकडे बघत होती. बाराच्या सुमाराला खडक एकेक करून दिसेनासे झाले, टांगे थांबले, होड्या सुरू झाल्या.

"मामा," ती म्हणाली, "झालं बेट."