एका तडकलेल्या कांडीची गोष्ट

आमच्या गच्चीवर सौरपट्ट्या बसल्या त्या माघात. पुढे वैशाखात ऊन असे तापले की गच्चीवर अनवाणी पाऊल टेकवेना. मी घरात ऐटीने जाहीर केले, "आता पाहा विजेचा पूर!" पण उन्हाच्या चटक्याच्या मानाने वीज काही वाढली नाही. माझे अज्ञान तेव्हा उघडे पडले. पट्टीला हवा असतो उजेड, ऊब नव्हे. अंग तापले की उलट ती थोडी मंदावतेच.

उजेडातून कामाची वीज काढणे माणसाला साधायला शंभराहून अधिक वर्षे लागली. १८३९ मध्ये फ्रान्सच्या एदमाँ बेकरेलला, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, द्रावात बुडवलेल्या धातूच्या पत्र्यांवर उजेड पडताच वीज वाहताना दिसली. १८८३ च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स फ्रिट्स याने सेलेनियमवर सोन्याचा पातळ वर्ख चढवून घट केला. पण पडलेल्या उजेडाचा शंभरावा हिस्साही त्यातून धड हाती येईना.

मग आले १९४० साल. अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत रसेल ओल सिलिकॉनच्या कांड्या तपासत होता. त्यांतली एक तडकलेली. दुसऱ्या कुणी ती केरात टाकली असती. ओलने तिच्यावर दिव्याचा उजेड पाडला आणि प्रवाह एकदम वाढला! खरी किमया तड्याची नव्हती. सिलिकॉन वितळून थिजताना त्यातली भेसळ दोन्हीकडे सारखी बसली नव्हती. एका भागात इलेक्ट्रॉन जास्त, दुसऱ्यात त्यांची वाण. दोहोंच्या सीमेवर जणू एकाच बाजूला उघडणारे दार तयार झाले होते. उजेड इलेक्ट्रॉनला जागचा हलवतो, दार त्याला पलीकडे ढकलते आणि आल्या वाटेने परतू देत नाही. बाहेरच्या तारेतून वळसा घालून तो घरी येतो. तो वळसा म्हणजेच आपली वीज.

उष्ण, दमट मुलखात टेलिफोनच्या कोरड्या बॅटऱ्या खराब होत. त्यांना पर्याय शोधणाऱ्या चेपिनने फुलर आणि पिअर्सन यांच्या साथीने ते दार मुद्दाम घडवले. १९५४ च्या एप्रिलात त्यांनी उजेडातली सहा टक्के शक्ती विजेत उतरवून दाखवली. १९५८ मध्ये व्हॅनगार्ड उपग्रह सौरघट घेऊन आकाशात गेला. त्याची बॅटरी काही महिन्यांत संपली, सौरघटांवरचा आवाज मात्र १९६४ पर्यंत येत राहिला.

यंदा आकाशकंदील लावताना मला ती कांडी आठवेल. सदोष म्हणून आपण किती गोष्टी उजेडात न धरताच फेकून देतो!