चरबी कशासाठी होती?

मंडळी, गेल्या महिन्यात आपल्यापैकी बऱ्याच जणांनी घरातल्या जुन्या वस्तूंबद्दल लिहिलं. कुणी पानाचा डबा, कुणी आजीची नथ, कुणी जात्याचा खुंटा. मी गप्प राहिलो, कारण माझ्याकडे फोटो टाकायला वस्तूच नाही. ती मी स्वतःच्या हाताने भंगारात घातली. आज तिच्याबद्दलच लिहितो. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

आमचं मूळ घर पन्हाळ्याच्या पायथ्याला. माळ्यावर एक लोखंडी चिमटा पडलेला असायचा. दोन पाती, मध्ये बिजागरी, आणि पाती मिटली की आत एक गोल पोकळी. आई त्याला 'फुटका अडकित्ता' म्हणायची, कारण त्याने सुपारी काही फुटत नसे. आम्ही भावंडं त्यात ओली माती दाबून गोट्या काढायचो. १९८६ साली वाटण्या झाल्या. थोरला मी, त्यात बी.कॉम. आणि बँकेतला, म्हणून यादी करायचं काम माझ्याकडे आलं. त्या यादीत मी लिहिलं, 'लोखंडी सटरफटर, अंदाजे अकरा किलो'. भंगारवाल्याने तराजू लावला आणि विषय संपला.

मग २०११ साली बहिणीच्या मुलाकडे अमेरिकेत गेलो, पेनसिल्व्हेनियात. भाचा इंजिनिअर, स्वभावाने गरीब, पण शनिवारी पिस्तुलाने नेमबाजी करायचा नाद. तिथे तो नाद कायदेशीर आहे. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे आणि परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं हा गुन्हा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. तर त्याच्या गॅरेजमध्ये गेलो आणि टेबलावर पाहतो तो काय, आमचा फुटका अडकित्ता! नवा, चकचकीत, लाकडी मुठीचा, पण तोच.

"मामा, हात लावू नका, गरम आहे," भाचा म्हणाला. "गोळ्या ओतायचा साचा आहे तो."

मी स्टुलावर बसलो तो उठलोच नाही. पंचवीस वर्षं ज्याला सटरफटर समजत होतो त्याचं नाव मला परदेशात कळलं.

त्या दिवशी त्याने मला सगळं दाखवलं. शिसं सव्वातीनशे अंशांच्या थोडं वर वितळतं. त्यात थोडं कथील घातलं की ते साच्याच्या कानाकोपऱ्यात नीट भरतं, अँटिमनी घातलं की कडक होतं. गॅरेजचं दार सताड उघडं, पंखा चालू, आणि काम संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय पाण्याच्या ग्लासालाही शिवायचं नाही. शिसं पोटात गेलं की निघत नाही, हे त्याने मला दोनदा बजावलं.

पण त्याचं खरं दुखणं वेगळं होतं. पन्नास-साठ बार काढले की पिस्तुलाच्या नळीत आतून शिशाचा थर बसायचा आणि नेम जायचा. तो नळी उजेडासमोर धरून मला दाखवत होता. आतल्या पेचदार खाचांमध्ये राखाडी पापुद्रे चिकटलेले. तांब्याच्या तारेच्या गुंडाळीने घासघासून ते काढायचे. अर्धा तास नेमबाजी आणि एक तास घासणं. "हिशोब तोट्याचा आहे," मी म्हटलं.

हे का होतं, ते त्याने सांगितलं आणि मला अगदी पटलं. आपल्याला वाटतं शिसं मऊ म्हणून घासून चिकटत असेल. तेवढंच नाही. गोळी नळीपेक्षा जराशी जरी बारीक असली तरी मागून येणारा दारूचा तापलेला वायू तिच्या कडेने पुढे निसटतो, गोळीची कड वितळवतो आणि तेच शिसं नळीला मुलाम्यासारखं चढवतो. म्हणून पहिली गोष्ट माप. मऊ शिशाचा तुकडा नळीतून ठोकून पलीकडे काढायचा आणि मायक्रोमीटरने मोजायचा. नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाची नळी खाचांच्या तळाशी साधारण ०.३५५ इंच भरते. ओतीव गोळी त्याहून एक थाउ मोठी हवी. आपल्या कारखान्यातली मंडळी थाउ म्हणजे काय ते जाणतात, इंचाचा हजारावा भाग. भाच्याच्या गोळ्या नेमक्या नळीइतक्याच होत्या आणि तो मात्र महिनाभर शिसं अधिकाधिक कडक करत बसला होता. उलट फार कडक गोळी कमी दाबाच्या बाराला फुगत नाही, फट बुजत नाही आणि थर आणखी वाढतो.

दुसरी गोष्ट वंगण. गोळीच्या अंगावर बारीक खोबण असते, तिच्यात मेणाचं मिश्रण भरायचं. थर नळीच्या मागच्या तोंडाशी दिसला तर बहुधा मापाची चूक, पुढच्या टोकाशी दिसला तर वंगण वाटेतच संपलं असं समजायचं. लेजरमधला फरक कुठल्या पानावर आहे यावरून चूक कुठल्या खात्यात ते आम्ही ओळखायचो, तसंच.

"आणि वंगणात काय काय घालतात?" मी विचारलं.

"मधमाशीचं मेण. आणि जुने लोक चरबी घालायचे, मामा."

मेण आणि चरबी! मंडळी, आपण सगळे शाळेत १८५७ शिकलो. गाईची आणि डुकराची चरबी, काडतूस दातांनी तोडायचं, मंगल पांडे. पण ती चरबी मुळात काडतुसाला लावली कशासाठी, हे मला एकाही मास्तरांनी सांगितलं नव्हतं, आणि मीही साठ वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं. मला आपलं वाटायचं, पाणी लागू नये म्हणून असेल. परत आल्यावर वाचनालयं धुंडाळली, मुलाने इंटरनेटवरून बरंच काढून दिलं.

कंपनीच्या शिपायांकडे आधी होती ती ठासणीची बंदूक आतून गुळगुळीत. नळी पाऊण इंच व्यासाची, गोळी त्याहून सुमारे दीड मिलिमीटर बारीक. एवढी फट असल्यावर गोळी वरून टाकली तरी खाली जाते. काजळी धरली तरी जाते. नेम मात्र शंभर पावलांपलीकडे रामभरोसे. १८५३ ची एनफिल्ड आली ती आतून पेचदार खाचांची. नळी ०.५७७ इंच, गोळी ०.५६८. म्हणजे फट उरली नऊ थाउ. गोळीचा मागचा भाग पोकळ, बार उडाला की तो फुगून खाचांत बसायचा. पल्ला कितीतरी पटींनी वाढला. पण काळ्या दारूची काजळी नऊ थाउची फट चार बारांत बुजवते. मग गोळी गजाने ठासताना शिपाई घामाघूम. म्हणून गोळीभोवती कागद आणि त्या कागदाला बाहेरून मेण-चरबी. चरबीने काजळी मऊ राहते, गोळी घसरत खाली जाते आणि कागद मध्ये असल्याने शिसं नळीला थेट घासत नाही. भाच्याच्या गॅरेजातलंच दुखणं, फक्त दीडशे वर्षं जुनं.

आणखी एक गंमत, गंमत म्हणवत नाही खरं तर. चरबी होती गोळीच्या टोकाला. दातांनी तोडायचं ते दारूचं टोक, दुसरं. पण उन्हाळ्यात पातळ झालेली चरबी हातभर पसरल्यावर हे टोक आणि ते टोक कोण बघतो? आणि चरबी कुठल्या जनावराची, हे कलकत्त्याच्या बाजूला कंत्राटदाराला कुणी नीट विचारलंच नव्हतं.

माझ्यातला बँकवाला जागा झाला तो पुढे. १८५३ मध्येच ही काडतुसं हवामानात कशी टिकतात ते बघायला हिंदुस्थानात पाठवली होती. फोर्ट विल्यम, कानपूर आणि रंगून इथे ती शिपायांच्या पेट्यांत ठेवून पाहिली. तपासायचं काय, तर चरबी टिकते का. त्याच डिसेंबरात बंगाल सैन्याचे अ‍ॅडज्युटंट जनरल कर्नल टकर यांनी लेखी कळवलं होतं की, ही चरबी जातिधर्माला बाधक नाही अशी खात्री झाल्याशिवाय देशी पलटणींना देऊ नये. ते पत्र मिलिटरी बोर्डाकडे गेलं आणि तिथेच राहिलं. तीन वर्षं.

हे वाचलं तेव्हा मला घाम फुटला. मीही एका शाखेत असताना एका गोदामाबद्दल नोट लिहिली होती की तपासणीत फक्त दर्शनी पोती मोजली जातात, आतली कोणी पाहत नाही. वर 'पाहिले' असा शेरा पडला आणि खाली सही. दोन वर्षांनी कर्ज बुडालं तेव्हा मलाच विचारलं, "तुम्ही आधी का नाही बोललात?" फाइल उघडून दाखवली तेव्हा साहेब खिडकीबाहेर बघत होते.

जानेवारी १८५७ मध्ये डमडमला एका खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे लोटाभर पाणी मागितलं, त्याने नाकारलं, आणि खलाशाने काडतुसाचा टोमणा मारला. गोष्ट वणव्यासारखी पसरली. सरकारने त्याच महिन्याच्या अखेरीस परवानगी दिली की शिपायांनी बाजारातून आपलं तेल-मेण आणून स्वतः लावावं. एप्रिलपर्यंत दातांऐवजी हाताने तोडायची कवायतही आली. उपाय बरोबर होता, फार तर तीन वर्षं उशिरा. तोवर संशय चरबीवरून कागदावर गेला होता, तो म्हणे चकाकतो. २४ एप्रिलला मेरठला तिसऱ्या घोडदळातल्या नव्वदांपैकी पंच्याऐंशी जणांनी काडतुसं नाकारली. ती तर जुन्याच पद्धतीची होती, बिनचरबीची. विश्वासच उडाल्यावर वंगण कुठलं लावणार? वरसईचे विष्णुभट गोडसे तेव्हा उत्तरेकडे निघाले होते. त्यांच्या 'माझा प्रवास'मध्येही हे काडतुसाचं प्रकरण येतं. आणि आमच्या कोल्हापूरला ३१ जुलैला सत्ताविसावी पलटण उठली.

पुढे इंग्रजांनी काय केलं? १८५९ च्या सुमारास गोळी बारीक केली, ०.५५ इंच, म्हणजे फट वाढवली. आणि मिश्रणात मेण जास्त, चरबी नावाला. मेण उन्हाळ्यात टिकतं, शिशाला खात नाही. जे बाजारातल्या मेणाने आधीच जमलं असतं तेच शेवटी केलं.

आता मी राहतो इच्छापोरला, मुलगा हजिऱ्याला नोकरीला म्हणून. संध्याकाळी फिरताना ट्रकांची रांग हजिऱ्याकडे चाललेली दिसते. त्याच बाजूला सुवाळीचा किनारा. १६१२ मध्ये इंग्रजांनी पोर्तुगीजांना तिथेच हरवलं आणि नंतर त्यांची जहाजं तिथेच नांगर टाकायची. बनातीबरोबर ती शिसंही आणायची आणि सुरतेच्या बाजारात विकायची. आपल्याकडे सुरत म्हटलं की १६६४ आणि १६७० आठवतं, सोनं, मोती, हुंड्या. मला आता त्या शिशाच्या लगडी आठवतात. तोड्याच्या बंदुकीला सोनं चालत नाही. माझ्या चिमट्यात कधी ओतलं गेलेलं शिसं याच खाडीतून आलं असेल का? हिशोबाला कागद लागतो, तो नाही. आजी म्हणायची आमच्यात कुणी पन्हाळ्याचा गडकरी होता. १८४४ चा गडकऱ्यांचा उठाव मोडल्यावर अशी कितीतरी घरं नुसती शेतकरी झाली. साचा माळ्यावर गेला असेल तो तेव्हाच, असं मी धरून चालतो.

भाच्याला मी परत येण्याआधी एक थाउ मोठ्या गोळ्या ओतायला लावल्या. त्या नीट चालल्या. हल्ली तो मेणही लावत नाही. गोळ्यांवर पावडर कोटिंग करून भट्टीत भाजतो, आपल्याकडे फाटकाला करतात तेच. म्हणजे पुन्हा शिसं आणि नळी यांच्यामध्ये एक पातळ थर. एनफिल्डचा कागदच तो! स्पर्धेतल्या पॉइंट टू-टूच्या गोळ्या मात्र अजून शिशाच्याच असतात, अंगाला हलकंसं वंगण. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं तेव्हा मी हिला म्हटलं, "मेण लावलेलं शिसं आहे ते." हिने टीव्हीचा आवाज वाढवला.

परवा धाकट्या भावाला फोन केला. त्याला विचारलं, आपण त्यात मातीच्या गोट्या काढायचो त्या केवढ्या होत्या? तो म्हणाला, बोरापेक्षा मोठ्या, आवळ्यापेक्षा लहान. म्हणजे पाऊण इंच नळीच्या जवळपासचं माप, पेचदार नळीचं नव्हे. एवढाच पुरावा हाती आहे.

तर मंडळी, तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर असा सुपारी न फोडणारा अडकित्ता असेल, तर पोकळीचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजा आणि फोटोसकट इथे टाका. यादीत 'सटरफटर' मात्र लिहू नका.