नाव बदललं, तरी बाई ओळखू आली

आम्ही जिंतूर तालुक्यातल्या बचत गटांच्या बाया.

मागच्या पावसाळ्यात आम्ही ठरवलं की गटातल्या बायांनी एकेक गोष्ट लिहायची. महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की अर्धा तास त्यासाठी ठेवायचा. पहिल्या गोष्टी आल्या त्या वाचून आम्हीच हसलो. सगळ्या गोष्टी इतिवृत्तासारख्या होत्या. अमुक तारखेला कर्ज घेतलं, तमुक तारखेला फेडलं, सर्वानुमते आनंद झाला. इतकी वर्षं ठरावाची वही लिहून आमचा हातच तसा वळला होता.

मग एक खरी गोष्ट आली. आमच्यातल्या एकीनं शेळीसाठी कर्ज घेतलं होतं. पैसे घरातल्या लग्नात गेले. हप्ता थकू नये म्हणून तिनं गुपचूप मंगळसूत्र मोडलं आणि गळ्यात बेन्टेक्सचं घातलं. हे तिनं बैठकीत, दार लोटून सांगितलं होतं. दुसरीनं ते लिहून काढलं. नाव बदललं, गावाचं नावही बदललं. पण हातपंपासमोरचं घर तसंच राहिलं, तीन मुली तशाच राहिल्या, नवरा ट्रॅक्टरवर आहे हेही तसंच. गोष्ट वाचून दाखवली, टाळ्या पडल्या. आठ दिवसांत ती सासूच्या कानावर गेली. त्यानंतर दोन महिने ती बाई बैठकीला आली नाही.

चूक लिहिणारीची एकटीची नव्हती. टाळ्या आम्ही सगळ्यांनी वाजवल्या होत्या. तेव्हापासून आम्ही शोधायला लागलो की आपल्या आधी मराठीत ज्यांनी गोष्टी केल्या, त्यांनी हे कसं निभावलं. जे हाती लागलं ते आज सांगतो.

सुरुवात घरातूनच करू. श्रावणात हातात तांदळाचे दाणे घेऊन आपण कहाणी ऐकतो. गाव आटपाट नगर, म्हणजे कुठलंच नाही आणि कुठलंही. राजाला दोन राण्या, आवडती आणि नावडती. नावडतीला नाव नाही. तरी कहाणी ऐकताना प्रत्येक आळीतल्या बायांना ठाऊक असतं की आपल्या आळीतली नावडती कोण आहे. कुणी तिच्याकडे बोट दाखवत नाही. ती स्वतःही तिथेच बसून दाणे हातात धरून ऐकत असते. ही कहाणी कुण्या एका लेखकानं लिहिलेली नाही, तोंडातोंडी घासून गुळगुळीत झालेली आहे. आमच्या मते गोष्टीचं पहिलं शिक्षण आपल्याला इथंच मिळतं, फक्त त्याला कुणी शिक्षण म्हणत नाही. आपल्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई तर जात्याशी जोडली गेली आहे. दळताना मनातलं बोलायचं, ही रीत आपल्याला नवी नाही.

लिहिलेल्या गोष्टीकडे वळलं तर फार मागं जावं लागतं. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी आपल्या गोदाकाठच्या मुलखात फिरत होते. ते लोकांना छोटे छोटे दृष्टांत सांगत. हत्ती चाचपणारे आंधळे तुम्ही ऐकलेच असतील, कुणाला तो खांबासारखा लागतो, कुणाला सुपासारखा. असे दृष्टांत पुढे केशिराजांनी एकत्र केले, तो दृष्टांतपाठ. आणि म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र केलं, साधारण 1278 च्या सुमारास.

म्हाइंभटांनी ते कसं केलं, तिथं आम्ही बराच वेळ थांबलो. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं, त्यांच्याकडे ते गेले आणि विचारलं. त्यात बायाही होत्या. महदाइसा तर सतत प्रश्न विचारणारी म्हणूनच ओळखली जाते, आणि मराठीतली पहिली कवयित्री म्हणून तिचं नाव घेतात. एकच प्रसंग दोघांनी वेगळा सांगितला तर म्हाइंभटांनी दोन्ही ठेवले, कुणी काय सांगितलं तेही टिपलं. सांगणाऱ्याच्या तोंडची गोष्ट ज्याची त्याच्या नावावर ठेवली. आम्ही मात्र आमच्या मैत्रिणीला, हे लिहू का, असं साधं विचारलंसुद्धा नव्हतं.

त्याच पंथातली आणखी एक हकिकत आम्हाला फार आवडली. नागदेवाचार्यांना शिष्यांनी संस्कृतात काही विचारलं. त्यांनी सांगितलं की मला मराठीतच विचारा, संस्कृतानं माझ्या म्हाताऱ्या बायका वंचित राहतील. सातशे वर्षांपूर्वी कुणीतरी ऐकणाऱ्या म्हातारीचा विचार करून भाषा निवडली. आम्हीही लिहिलेलं आधी गटातल्या न शिकलेल्या आजींना वाचून दाखवतो. त्यांची मान हलली नाही तर ते वाक्य गेलं.

छापील गोष्ट बरीच पुढची. हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली करमणूक हे पत्र काढलं आणि त्यात ‘स्फुट गोष्टी’ या नावानं लहान गोष्टी छापल्या. त्यांची ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही दुष्काळाची गोष्ट आजही वाचली जाते. दुष्काळ आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. पुढे 1909 मध्ये मनोरंजन मासिकानं पहिला दिवाळी अंक काढला आणि दिवाळीला फराळाबरोबर गोष्टीही घरात येऊ लागल्या. अर्थात ज्यांच्या घरात वाचणारं कुणी होतं त्यांच्या.

बाईनं लिहायचं तर आधी वाचायला शिकायचं. काशीबाई कानिटकर 1861 साली जन्मल्या, नवव्या वर्षी लग्न झालं, तेव्हा अक्षर येत नव्हतं. नवऱ्याला शिकलेली बायको हवी होती म्हणून शिकायला लागल्या, आणि घरातल्या मोठ्यांची बोलणी खात शिकल्या. त्याच काशीबाईंनी डॉक्टर आनंदीबाई जोशींचं चरित्र लिहिलं, कादंबरी लिहिली, गोष्टी लिहिल्या. ‘चांदण्यातील गप्पा’ हा त्यांचा गोष्टींचा संग्रह 1921 चा. नावातच गप्पा आहेत, हे आम्हाला बरं वाटलं.

मग 1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं, विभावरी शिरूरकर या नावानं. शिकलेल्या, स्वतः कमावणाऱ्या मुलींच्या मनात काय चाललंय, लग्न का अडतं, घर त्यांच्याकडे कसं बघतं, ते या गोष्टींत उघड लिहिलेलं होतं. मोठी खळबळ उडाली. ही विभावरी कोण, याचीच चर्चा जास्त. त्या होत्या बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर. महर्षी कर्व्यांच्या स्त्रीशिक्षण संस्थेत त्या शिकवत होत्या. आपल्या नावानं लिहिलं असतं तर रोज समोर बसणाऱ्या मुली आणि बरोबरीच्या बाया, सगळ्यांवर बोट गेलं असतं. टोपणनाव म्हणजे भित्रेपणा, असं आमच्यातल्या एकीचं म्हणणं पडलं. आम्हाला तसं वाटत नाही. त्या नावाच्या आड फक्त लिहिणारी नव्हती, जिच्याबद्दल लिहिलं तीही होती.

त्याच काळात ना. सी. फडक्यांनी ‘प्रतिभासाधन’ लिहून गोष्टीचं तंत्र शिकवलं. सुरुवातीलाच वाचणाऱ्याला पकडा, गुंता वाढवा, शेवट चटका देणारा करा. शिवणाच्या क्लासात कागद कापून माप शिकवतात तसं. शिकायला ते चांगलं, पण सगळ्यांना एकाच मापाचा ब्लाउज बसत नाही. 1945 नंतर गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर या मंडळींनी ते माप मोडलं आणि त्याला नवकथा म्हणू लागले.

परभणीचे बी. रघुनाथ आपले. 1913 साली सातोन्याला जन्म, मूळ नाव भगवान रघुनाथ कुलकर्णी. निजामाचं राज्य, कचेरीचा कारभार उर्दूत, आणि हे परभणीला बांधकाम खात्यात नोकरी करून मराठीत कविता, कादंबऱ्या, गोष्टी लिहीत होते. ‘साकी’, ‘फकिराची कांबळी’, ‘छागल’ हे त्यांचे कथासंग्रह. 1953 साली, अवघ्या चाळिशीत ते गेले. परभणीला बी. रघुनाथ सभागृहात मेळाव्याला आम्ही कितीदा गेलो असू, पण हा माणूस कोण ते विचारलं नव्हतं.

शेवटचं उदाहरण तुमच्या लेकरांच्या दप्तरातलं आहे. भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ दहावीच्या पुस्तकात होती. शेतकरी बाप टोमॅटो घेऊन बाजारात येतो, भाव पडतो, आणि शेवटी तो स्वतःच्या हातानं पिकवलेला माल पायांनी तुडवतो. सरकार चुकलं, व्यापारी लुटतात, असं भाषण शेवटी नाही. तो चिखल फक्त दिसतो. आमच्यातल्या एकीच्या मुलानं ती मोठ्यानं वाचली तेव्हा ओसरीवरचे सगळे गप्प झाले, कारण प्रत्येकानं कधी ना कधी माल परत आणण्यापेक्षा टाकून दिला होता.

हे सगळं वाचून आम्ही त्या मैत्रिणीच्या घरी गेलो. आधी माफी मागितली. मग वही पुढे ठेवून म्हटलं, फाडायची असेल तर फाड. तिनं फाडली नाही. वाचून दाखवा म्हणाली.

आम्हाला वाटलं ती मंगळसूत्र काढायला सांगेल. तर ती म्हणाली, “ते राहू द्या, बेन्टेक्स काय माझ्या एकटीच्या गळ्यात आहे का? हातपंप काढा. मुली काढा. ट्रॅक्टर काढा.” मग तिनं आम्हाला ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगितली. सोनारानं वजन करायच्या आधी मण्यांच्या मधला मळ टोकरून काढला होता आणि तो मळ कागदावर वेगळा ठेवला होता. चौदा वर्षांचा मळ. तो कागद तिनं परत मागून घेतला. हे लिहा म्हणाली.

गोष्टीच्या शेवटी आम्ही एक वाक्य घातलं होतं, बचत गटामुळे तिच्या जीवनात प्रकाश आला असं. ते ऐकून ती हसली. “कुठला प्रकाश बाई? हप्ते अजून सात बाकी आहेत.”

ते वाक्य आम्ही खोडलं. गोष्ट नव्यानं लिहून तिच्याकडेच ठेवली आहे, छापायला द्यायची की नाही ते ती सांगेल. या सोमवारी ती बैठकीला आली होती, हप्ता घेऊन.