विशेष शिक्षणावरील राज्याची देखरेख : टेक्सासचे उदाहरण

१९७५ साली अमेरिकेच्या काँग्रेसने अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा संमत केला, त्या वेळी अशी सुमारे दहा लाख मुले सार्वजनिक शाळांपासून सर्वस्वी वंचित होती. म्हणून गरजेनुरूप विनामूल्य शिक्षणाबरोबरच, अशी मुले शोधून काढण्याचे कर्तव्यही राज्यांवर आले. देखरेखीचा हेतू हा होता की, कोणी मूल वगळले जाऊ नये.

टेक्सासमध्ये मात्र हा हेतू उलटला. २००४ साली तेथील शिक्षणखात्याने शालेय जिल्ह्यांच्या तपासणीत ८.५ टक्क्यांचे प्रमाण आदर्श म्हणून ठरविले. तेव्हा विशेष शिक्षण घेणारे विद्यार्थी सुमारे १२ टक्के होते. अधिक प्रमाण असलेल्या जिल्ह्यास चौकशीचे भय राही. त्यामुळे अनेक शाळांनी मुलांची तपासणी लांबविली वा नाकारली. पुढे राज्याचे प्रमाण ८.५ टक्क्यांच्या आसपास येऊन ठेपले. २०१६ साली ‘ह्यूस्टन क्रॉनिकल’ने हे उजेडात आणले. २०१७ साली विधिमंडळाने अशा मर्यादेस बंदी घातली, आणि २०१८ साली संघराज्याच्या शिक्षणखात्याने कायदाभंगाचा निष्कर्ष नोंदविला.

मुलांची गरज घटली नव्हती, तिची नोंद घटली होती. यास्तव अशा आकड्यांवरून इतिहास लिहिणाऱ्याने, ते कोणत्या तपासणीसाठी तयार झाले, हे प्रथम पाहिले पाहिजे.