महीनचे घोडे, मुक्काम नाकतला

साल १९७७. टॉलीगंजच्या ट्राम डेपोवर उतरून तुम्ही नाकतल्याची वाट धरता. जूनमध्ये ज्योती बसूंचं सरकार आलंय, भिंती अजून घोषणांनी भरलेल्या आहेत. दिवे गेलेले. लोडशेडिंग कोलकात्याच्या अंगवळणी पडलंय, रस्त्यावरची वर्दळ काही थांबत नाही.

एका घरातून गिटार ऐकू येते, मागोमाग बासरी. थांबा. आत जा.

गिटारवर गौतम चट्टोपाध्याय आहे, सगळ्यांचा मणिदा. बासरी धाकट्या भावाची, प्रदीपची, ड्रम्स दुसऱ्या भावाचे, विश्वनाथचे. एब्राहम मजुमदारचं व्हायोलिन आहे. रंजन घोषाल, तापस दास, तपेश बंद्योपाध्यायही आहेत. बँडचं नाव ‘महीनेर घोडागुली’, म्हणजे महीनचे घोडे. ते जीवनानंद दासांच्या कवितेतून उचललेलं. पहिली तबकडी याच वर्षी येते. त्यातल्या एका गाण्यात पिकासो, बुन्युएल आणि बीटल्स एकत्र नांदतात, आणि तरीही गाणाऱ्याला काही म्हणजे काही बरं वाटत नाही.

याच वर्षी लंडनमध्ये सेक्स पिस्टल्स गाजताहेत. या पोरांकडे तो कर्कशपणा नाही, बंगालच्या बाउल लोकगायकांची लय आहे. पण बंड तेच. मी तर म्हणेन इथलं जास्त अवघड, कारण समोरचा श्रोता रवींद्रसंगीत आणि सिनेमाच्या गाण्यांवर वाढलेला. रोजच्या बोलीत, आपल्याच शहराबद्दल, गिटार घेऊन गायचं? लोकांना ते कळत नाही. तबकड्या फारशा खपत नाहीत.

मणिदाचे हात नीट बघा. साठच्या दशकात हेच हात पार्क स्ट्रीटच्या हॉटेलांत ‘द अर्ज’ या बँडमध्ये इंग्रजी गाणी वाजवत होते. मग तो नक्षलवादी चळवळीत गेला, तुरुंगात गेला. सुटल्यावर बंगालबाहेर राहावं लागलं, तेव्हा मध्य प्रदेशात औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून फिरला. ही गाणी त्या सगळ्यातून आलीत. म्हणून मला ती खरी वाटतात.

आता चार वर्षं पुढे सरका. १९८१, बँड फुटलाय. कुणी नोकरीला, कुणी परदेशात. मणिदा मात्र सिनेमाकडे वळलाय. सापगारुड्यांच्या भटक्या जमातीवर त्याने ‘नागमती’ केला, आणि १९८३च्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो उत्कृष्ट बंगाली चित्रपट ठरला. ज्याची गाणी शहराने नाकारली, त्याच्या चित्रपटाला देशाने मान दिला.

१९९५. कोलकात्याच्या मैदानावरचा पुस्तक मेळा, धूळ, गर्दी. ‘आबार बछर कुडी परे’ हा गाण्यांचा संग्रह इथे येतो आणि नवी पोरं तो हातोहात उचलतात. वीस वर्षांपूर्वी न कळलेलं आता त्यांच्या तोंडी बसतं. त्यानंतर बंगालीत बँडची लाटच आली. मणिदाला ती थोडीच बघता आली. २० जून १९९९ला तो गेला, तेव्हा एक्कावन्न वर्षांचा होता.

आजच्या तारखेला परत या. २००६च्या ‘गँगस्टर’मधलं ‘भीगी भीगी’ तुम्ही नक्की ऐकलं असेल. ती चाल पुस्तक मेळ्यात आलेल्या त्या संग्रहातल्या ‘पृथिबीटा नाकी’ या गाण्याची आहे, मणिदाची. हिंदी पुन्हा लावण्याआधी एकदा मूळ बंगाली ऐका.