कोंड्यात काय होतं

कुडाळजवळच्या आमच्या घरी पडवीच्या कोपऱ्यात जमिनीत पुरलेलं दगडी उखळ होतं. पाऊस लागायच्या आत आई भात उकडून घ्यायची. आदल्या संध्याकाळी ते तांब्याच्या मोठ्या भांड्यात भिजत पडायचं, सकाळी परसातल्या चुलीवर वाफवायचं. दाणा फुगून तुसाच्या फटीतून डोकावला की भांडं खाली उतरायचं आणि भात खळ्यावर पसरायचं. त्याचा ओलसर, आंबूस वास दिवसभर घरात भरून राहायचा. वाळलं की कांडप. आई आणि काकी समोरासमोर उभ्या राहायच्या, दोन मुसळं आळीपाळीनं पडायची, एकदाही एकमेकांवर आदळायची नाहीत. मग सूप. तूस वेगळं, कणी वेगळी, कोंडा वेगळा. कोंडा म्हशीच्या आंबोणात जायचा.

रोजच्या पेजेला हा उकडा तांदूळ. सणाला, पाहुण्यांना पांढरा, न उकडलेला सुरय. मला लहानपणी सुरयच हवा असायचा. उकडा लालसर, जाड, गरिबाघरचा वाटायचा. तो उकडण्यामागे काही शहाणपण असेल असं कुणी सांगितलं नाही, आणि सांगणाऱ्यांनाही ते माहीत नव्हतं. भात उकडलं की कांडताना तुटत नाही, साठवलं की टिकतं, एवढंच आई सांगायची.

पुढे मी पुण्यातल्या एका रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं काम केलं. समोर बसलेली माणसं बाही वर करता करता बोलायची. पायाला मुंग्या येतात. तळव्याखाली कापूस ठेवल्यासारखं वाटतं. रात्री आग होते, चादर सहन होत नाही. कुणी म्हणायचं नस दबली, कुणी म्हणायचं वय झालं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘पेरिफेरल न्यूरोपथी’ लिहिलेलं असायचं. हातापायांच्या टोकापर्यंत जाणाऱ्या नसा आजारी पडल्या, एवढाच त्याचा अर्थ. त्या का आजारी पडल्या, हे त्या शब्दात नसतं. ते शोधताना माणसांनी काय काय केलं ते मी निवृत्तीनंतर वाचत गेले, आणि वाचता वाचता थेट आमच्या पडवीत येऊन पोचले.

बेरीबेरी हे नाव शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं. पाय जड होतात, बधिर होतात, पोटऱ्या दाबल्या की दुखतात, मग पाऊल उचलत नाही, आणि कधी कधी हृदयच थकून थांबतं. एकोणिसाव्या शतकात जपानच्या आरमारात या रोगानं हाहाकार उडवला होता. १८८२ साली ‘र्युजो’ नावाचं प्रशिक्षणाचं जहाज लांबच्या सफरीवर निघालं. जहाजावरच्या ३७६ जणांपैकी १६९ आजारी पडले, २५ मेले. आरमाराचे डॉक्टर ताकाकी कानेहिरो लंडनला शिकून आले होते. त्यांनी पाहिलं की खलाशी पांढऱ्या भातावर जगतात आणि अधिकाऱ्यांच्या ताटात बाकीचंही काही असतं. १८८४ साली त्यांनी दुसरं जहाज, ‘त्सुकुबा’, त्याच मार्गानं पाठवलं, फक्त शिधा बदलून. मांस, दूध, पाव दिला. त्या सफरीत बेरीबेरीनं एकही माणूस दगावला नाही. पुढे आरमाराच्या भातात सातू मिसळला जाऊ लागला.

ताकाकींचं कारण मात्र चुकलं होतं. त्यांना वाटलं, प्रथिनं कमी पडतात. जपानच्या भूदलातल्या डॉक्टरांनी तेवढ्यावर बोट ठेवलं, रोग जंतूंचाच असा हट्ट धरला आणि पांढरा भात चालू ठेवला. १९०४-०५ च्या रशियाबरोबरच्या युद्धात त्या भूदलाचे सुमारे २७ हजार सैनिक बेरीबेरीनं गेले. उपाय शेजारच्या खात्यात वीस वर्षं हाताशी होता. हे वाचलं त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

जावातली गोष्ट कोंबड्यांची आहे. डच डॉक्टर क्रिस्तियान आइकमान बटाव्हियाच्या, म्हणजे आजच्या जकार्ताच्या, लष्करी रुग्णालयात बेरीबेरीचे जंतू शोधत होता. कोंबड्यांना रुग्णांचं रक्त टोचून पाहत होता. १८८९ साली कोंबड्या लंगडायला लागल्या, दांडीवर बसता येईना, आडव्या पडायला लागल्या. पण ज्यांना काहीच टोचलेलं नव्हतं त्याही पडल्या. आणि काही महिन्यांनी सगळ्या अचानक बऱ्या झाल्या. शोध घेतल्यावर कळलं की सांभाळणारा माणूस रुग्णालयाच्या भटारखान्यातला उरलेला पांढरा भात त्यांना घालत होता. मग भटारी बदलला. लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना का म्हणून, असं म्हणून नव्यानं तो बंद केला, आणि कोंबड्या पुन्हा साध्या, कोंड्यासकटच्या तांदळावर आल्या.

आइकमानला वाटलं, पांढऱ्या भातात विष आहे आणि कोंड्यात त्यावरचा उतारा. फोर्डरमान नावाच्या त्याच्या सहकाऱ्यानं जावाचे सुमारे शंभर तुरुंग पालथे घातले आणि कुठल्या तुरुंगात कुठला तांदूळ शिजतो ते लिहून घेतलं. कोंड्यासकट तांदूळ खाणाऱ्यांत बेरीबेरी दहा हजारांत एकाला. पांढरा खाणाऱ्यांत ३९ जणांत एकाला. प्रयोगशाळेत काम केलेल्या माणसाला असे दोन आकडे शेजारी दिसले की अंगावर काटा येतो. विष कुठलंच नाही, कोंड्यात शरीराला हवं असलेलं काहीतरी आहे आणि ते आपण काढून टाकतो, हे १९०१ साली खेरिट ग्रायन्सनं मांडलं. आइकमानला १९२९ साली नोबेल मिळालं. ग्रायन्सचं नाव फार कमी लोकांना ठाऊक आहे.

आमच्या उकड्या तांदळाचा पुरावा मलायातून आला. तिथल्या मळ्यांवर आणि खाणींत दोन तऱ्हेचे मजूर होते. कथलाच्या खाणीतले चिनी मजूर गिरणीचा पांढरा तांदूळ खायचे आणि शेकड्यांनी आजारी पडायचे. दक्षिण भारतातून गेलेले तामिळ मजूर तसेच दरिद्री, तशाच वस्तीत राहणारे, पण त्यांना बेरीबेरी जवळजवळ होतच नव्हता. ते उकडा तांदूळ खायचे. विल्यम ब्रॅडन या डॉक्टरानं यावर १९०७ साली पुस्तक लिहिलं. त्यानंतर फ्रेझर आणि स्टँटन यांनी रस्त्याच्या कामावरच्या सुमारे तीनशे जावाच्या मजुरांचे दोन गट केले. एकाला पांढरा तांदूळ, दुसऱ्याला उकडा. पांढऱ्याच्या गटात रोग आला, उकड्याच्या गटात नाही. तांदूळ बदलला तसा रोग पलीकडे गेला.

तांदूळ तुसासकट भिजतो आणि वाफवला जातो तेव्हा कोंड्यातलं ते हवं असलेलं काहीतरी, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, पाण्याबरोबर दाण्याच्या आत शिरतं. वाफेनं दाण्यातली पिठूळ खळ घट्ट होते आणि त्याला धरून ठेवते. मग कांडा, गिरणीत घाला, धुवा, बरंचसं आतच राहतं. आम्ही तर पेजही प्यायचो, म्हणजे पाण्यात उतरलेलंही पोटात जायचं. भाताची खळ शरीरात जाळायला हेच बी-१ लागतं. म्हणून भात भरपूर आणि बी-१ नाही, अशा ताटानं आधी लांबच्या नसा उपाशी मरतात, आणि सगळ्यांत लांबच्या नसा पायाच्या बोटांच्या. आई जे टिकाऊपणासाठी करत होती त्यानं आमचे पाय वाचत होते.

आमच्या भागातून पलटणीत गेलेल्या माणसांशीही ही गोष्ट जोडलेली आहे. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात मेसोपोटेमियातल्या कुतला सहावी पुणे डिव्हिजन वेढ्यात अडकली. तीत १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. गोऱ्या सैनिकांना पांढऱ्या पिठाचा पाव होता, आपल्यांना कोंड्यासकट आटा. बेरीबेरी झाला गोऱ्यांना. पुढे त्यांच्याही पावात आटा आणि जव आले तसा तो ओसरला. पण घोड्याचं मांस खायला आपले बरेचसे शिपाई बराच काळ तयार नव्हते, भाजी नव्हती, आणि त्यांच्यात स्कर्व्ही पसरला. एकाच वेढ्यात, एकाच नदीकाठी, दोन शिध्यांनी दोन वेगळे रोग दिले.

बी-१ चे स्फटिक १९२६ साली यान्सेन आणि डोनाथ यांनी बटाव्हियात, आइकमानच्याच प्रयोगशाळेत, शेकडो किलो कोंड्यातून चिमूटभर मिळवले. १९३६ साली रॉबर्ट विल्यम्स यांनी ते रसायन कृत्रिमरीत्या बनवलं. त्यांचा जन्म आपल्या नेल्लोरचा, आईवडील मिशनरी. आयुष्यातली २६ वर्षं त्यांनी कोंड्यात घालवली.

माझ्या काळात बेरीबेरी आमच्या प्रयोगशाळेत क्वचित दिसायचा, तोही बहुधा दारूच्या व्यसनात. मुंग्या मात्र होत्याच. त्यांतल्या पुष्कळ मधुमेहाच्या. उरलेल्यांतल्या कित्येक बी-१२ च्या कमतरतेच्या. या जीवनसत्त्वाची वाट निराळी आहे. ते कोंड्यात नाही, भाजीत नाही, डाळीत नाही. ते मासे, मांस, अंडी यांत आणि थोडंफार दुधात. १९२६ साली बोस्टनच्या मायनॉट आणि मर्फी यांनी तोवर जीवघेण्या ठरलेल्या एका रक्तक्षयाच्या ४५ रुग्णांना रोज भरपूर काळीज, म्हणजे यकृत, खायला घालून उठवलं. काळजातला तो पदार्थ १९४८ साली लाल स्फटिकांच्या रूपात हाती आला.

मधल्या काळात मुंबईत एक गोष्ट घडली होती. ल्युसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर १९२८ साली मुंबईला आली. गरीब गरोदर बायकांमधला रक्तक्षय तिनं यीस्टच्या अर्कानं, मार्माइटनं, बरा केला. त्यातलं औषध म्हणजे फॉलिक अॅसिड. ते १९४५ च्या सुमाराला कारखान्यात बनू लागलं तेव्हा डॉक्टरांनी बी-१२ च्या रुग्णांनाही देऊन पाहिलं. रक्त सुधारलं. पण पाय बिघडतच गेले, काहींचे तर झपाट्यानं. फॉलिक अॅसिड रक्ताची तूट भरून काढतं, नसांची नाही.

हे वाक्य मी निवृत्तीनंतर वाचलं. मला ते २००३ साली हवं होतं.

आमचे आबा पन्नाशीत माळकरी झाले. मासे सुटले, अंडं सुटलं, दूध चहापुरतं. साठीत मधुमेह आला, मेटफॉर्मिन सुरू झालं. त्या गोळीनं बी-१२ शोषलं जाण्यात अडथळा येतो हे आता सगळे डॉक्टर सांगतात. यकृतात या जीवनसत्त्वाचा साठा वर्षानुवर्षं पुरतो, म्हणून माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. आबांना थकवा आला तेव्हा मी त्यांचं रक्त काढलं. हिमोग्लोबिन कमी. काच रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर तांबड्या पेशी मोठ्या, अंडाकृती. पांढऱ्या पेशीच्या केंद्रकाचे एरवी तीन-चार भाग असतात, तिथे सहा दिसत होते. चित्र पुस्तकातल्यासारखं होतं. डॉक्टरांनी लोह आणि फॉलिक अॅसिड लिहून दिलं. बी-१२ ची तपासणी तेव्हा महाग होती, आमच्याकडे होत नव्हती, आणि ती करा असं मलाही सुचलं नाही. चार महिन्यांनी काच पुन्हा पाहिली. पेशी सुबक, हिमोग्लोबिन वर. मी आईला फोन करून सांगितलं, आबा बरे झाले.

वर्षभरात ते अंधारात भिंतीला धरून चालायला लागले. तोंड धुताना डोळे मिटले की झोक जायचा. एकदा देवळातून घरी आले तर एका पायात चप्पल नाही. रस्ताभर कळलं नव्हतं. मला म्हणाले, “चप्पल खंय पडला ता कळलाच नाय गो माका.”

मग पुण्याला आणलं. मज्जाविकारतज्ज्ञांनी १२८ कंपनांचा नादकाटा आपटून त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला. आबा डोळे मिटून पडले होते. “थंड लागता,” ते म्हणाले, “हलता काय ता कळणा नाय.” काटा घोट्यावर गेला. तेच. गुडघ्यावर ठेवला तेव्हा त्यांनी मान हलवली. धातूचा गारवा कळतो आणि थरथर कळत नाही, हे बी-१२ च्या आजाराचं ओळखीचं लक्षण आहे, कारण मज्जारज्जूच्या मागच्या दोऱ्या आधी जातात. रक्त मुंबईला पाठवलं. बी-१२ आलं ९६ पिकोग्रॅम, जे दोनशेच्या वर हवं.

पुढे, २००६ साली, पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. पुणे आणि आसपासच्या ४४१ धडधाकट, मध्यमवयीन पुरुषांत ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी होतं. झोपडवस्तीपेक्षा शहरी मध्यमवर्गात जास्त. फोर्डरमाननं तुरुंगांत जे केलं तेच हे काम होतं. त्यानंतर आमच्याकडे या तपासणीच्या चिठ्ठ्या वाढत गेल्या, यंत्र आलं, दर उतरले.

आता उलटी भीती वाटते. मुंग्या आल्या की लोक दुकानातून ‘नसांच्या गोळ्या’ उचलतात आणि वर्षानुवर्षं घेतात. त्यांतल्या पुष्कळांत बी-६ असतं. दिवसाची गरज दोन मिलिग्रॅमच्या आसपास. १९८३ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सात रुग्ण नोंदवले, रोज दोन ते सहा ग्रॅम बी-६ घेणारे. त्यांच्या संवेदनेच्या नसा त्या जीवनसत्त्वानंच मारल्या होत्या, चालताना तोल राहत नव्हता. म्हणून कुणी ओळखीचं मुंग्यांबद्दल विचारलं तर मी गोळीचं नाव सांगत नाही. साखर, थायरॉईड, बी-१२ तपासा म्हणते, खाता काय आणि गोळ्या कुठल्या चालू आहेत ते कागदावर लिहा आणि तो कागद डॉक्टरांसमोर ठेवा म्हणते.

आबांना लाल रंगाची इंजेक्शनं सुरू झाली. आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला, कायमची. माळ त्यांनी उतरवली नाही आणि मी तसं कधी सुचवलंही नाही. आईनं त्यांना मागे पट्टा असलेल्या चपला आणल्या. सहा महिन्यांनी नादकाटा पुन्हा लागला तेव्हा घोट्यावर ठेवल्यावर त्यांनी डोळे न उघडता बोट वर केलं, आणि थरथर थांबली त्या क्षणी खाली घेतलं. अंगठ्यावर ती त्यांना शेवटपर्यंत कळली नाही.