ट्रॉलिंग, ट्रॉलर आणि तांब्याची तार

मराठी वर्तमानपत्रांत ‘ट्रॉलिंग’ हा शब्द हल्ली तीन अर्थांनी वाचायला मिळतो. इंटरनेटवर एखाद्याच्या मागे हात धुऊन लागणे, हा एक. समुद्राचा तळ खरवडत भलेमोठे जाळे ओढणे, हा दुसरा. आणि चालत्या होडीमागे गळ सोडून एकेक मासा धरणे, हा तिसरा. पहिला अर्थ या तिसऱ्यापासूनच निघाला असे म्हणतात. आमिष दाखवायचे आणि कोण गळाला लागतो ते पाहायचे. इंग्रजीत दुसऱ्या आणि तिसऱ्या कामाचे शब्द वेगळे आहेत, स्पेलिंगही वेगळे. देवनागरीत आल्यावर मात्र दोघांचे तोंड सारखेच झाले. त्यामुळे ‘ट्रॉलिंगने समुद्र ओसाड केला’ अशी बातमी आली, की होडीतून चार गळ ओढणारा बिचारा माणूसही त्या आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो.

आपल्याकडे गळाने मासे धरण्याला फार चांगले क्रियापद आहे, गरवणे. कोकणात अजून चालते. गरी म्हणजे गळ, त्यावरून गरवणे. ट्रॉलिंगला ‘ओढीचे गरवणे’ म्हणता येईल. या लेखापुरते मी तेच म्हणतो.

आता घोडपदेवच्या माणसाने मासेमारीवर लिहावे याचे काही जणांना नवल वाटेल. आमचा भाग गिरण्यांचा, गोदामांचा, लोखंडाचा. पण घोडपदेव हे नाव ज्याच्यावरून पडले तो देव म्हणजे शेंदूर चर्चिलेला खडक, आणि खडकाला देव मानणारे हे मूळचे कोळ्यांचे दैवत, असे मुंबईचे जुने इतिहासकार सांगतात. शेजारचे माझगाव हे नाव मत्स्यग्रामावरून आले असेही एक मत आहे. १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक आणि १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक झाले, मग भराव पडत गेले आणि समुद्र पूर्वेकडे सरकत गेला. देव जागच्या जागी राहिला, पाणी गेले.

पाण्याच्या जागी तार आली. १२ डिसेंबर १९१० रोजी कुर्ल्यापासून रे रोडपर्यंत हार्बरची गाडी सुरू झाली, आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेची गाडी बोरीबंदरहून कुर्ल्याला याच मार्गाने, आमच्या उशापायथ्याशीच म्हणा ना, धावली. वरची जी तार गाडीला वीज पुरवते ती तांब्याची असते. सगळ्या देशाने विजेच्या गाडीचे कौतुक केले, पण ती तार सांभाळणारे, तिचे जोड तपासणारे कामगार आमच्या चाळींतून राहत. त्यांचे कौतुक कुणी केल्याचे माझ्या वाचनात नाही.

१९६०च्या दशकात आमच्या चाळीत असे एक काका होते. रेल्वेच्या तारखात्यात नोकरीला. रविवारी भाऊच्या धक्क्यावरून एका ओळखीच्या कोळ्याच्या होडीतून गरवायला जात. आम्हा मुलांना मासे घरी आल्यावर दिसत, पण त्याआधी शनिवारी रात्री गॅलरीत बसून ते गळ बांधत ते मला जास्त आठवते. सुरमईचे दात फार धारदार. नुसता तंगूस असला तर एका चाव्यात कापून मोकळी होते. म्हणून गळाच्या वर हातभर तार लागते. आणि तार आली की प्रश्न येतो तो जोडाचा, कारण तारेला दोऱ्यासारखी गाठ बसत नाही.

(तंगूस शब्दाची एक गंमत. रेशीमकिड्याच्या ग्रंथीपासून काढलेल्या, गळाला लावायच्या चिवट धाग्याला जपानीत ‘तेगुसु’ म्हणतात. नायलॉनची घोषणा झाली १९३८ साली. त्याआधी जगभरच्या हौशी लोकांच्या गळाला हा रेशमी धागाच असे. आमचा तंगूस त्या तेगुसुचा भाऊ आहे की नुसता नावसारखा, ते भाषापंडितांनी ठरवावे.)

काका तारेचे टोक गळाच्या डोळ्यातून ओवून मागे घेत आणि मग दोन्ही पदर एकमेकांवर फुलीसारखे आडवे टाकून पीळ देत. ‘दोघांनी एकमेकांना धरलं पाहिजे,’ असे म्हणत. यातले मर्म मला फार वर्षांनी कळले. एक तार सरळ ठेवून दुसरी तिच्याभोवती गुंडाळली, तर दिसायला जोड छान दिसतो, पण ओढ बसली की गुंडाळलेली तार सरळ तारेवरून घसरून निघते. दोन्ही पदर सारखेच वळले, तर ओढ जितकी जास्त तितकी मिठी घट्ट. असे पाच-सहा पीळ झाले की मग आखूड टोक काटकोनात वळवून चार-पाच वेटोळी अगदी चिकटून घालायची. उरलेले टोक पकडीने कापायचे नाही. ते मागेपुढे वाकवून तोडायचे. कापले तर काट्यासारखी धार राहते आणि मासा ओढताना आपलाच हात फाटतो. वाकवून तोडले तर टोक वेटोळ्यालगत साफ निघते.

या जोडाला इंग्रजीत ‘हेवायर’ पीळ म्हणतात, गवताच्या गठ्ठ्यांना बांधतात त्या तारेवरून. काकांना हे नाव ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. त्यांच्या हाताला तार ठाऊक होती.

माझा भाचा अमेरिकेत मिशिगन राज्यात असतो. तिकडच्या मोठ्या सरोवरांत ओढीचे गरवणे फार चालते, आणि तिथे नुसती हातभर नव्हे तर शेकडो फूट तार वापरतात, तीही तांब्याची. दोन वर्षांपूर्वी तो फोनवर म्हणाला, ‘मामा, तांब्याच्या दोरीने मासे पकडतोय, विश्वास बसेल?’ मला काका आठवले.

तांबेच का, तर वजनामुळे. तिकडचे ट्राउट मासे उन्हाळ्यात थंड पाणी शोधत खोल जातात. नायलॉनचा दोर चालत्या होडीमागे वरच तरंगत राहतो. तांब्याची तार स्वतःच्याच वजनाने बुडते, वेगळे शिसे लावावे लागत नाही. भाचा सांगतो की नेहमीच्या मंद वेगात तीनशे फूट तार सोडली, तर आमिष साधारण साठ-सत्तर फूट खोल जाते. होडी हळू केली की आणखी खाली, वेग वाढवला की वर. होडी वळवली की वळणाच्या आतल्या बाजूची तार ढिली होऊन बुडते, बाहेरची ताणली जाऊन उचलते. म्हणून जाणता माणूस सरळ न जाता नागमोडी जातो. आमिष आपोआप खालीवर होते आणि मासे कुठल्या थरात आहेत ते कळते.

अशा दोरीत दोन जोड येतात. रिळावर सर्वांत आधी विणीचा कृत्रिम धागा भरतात, कारण सगळे रीळ तांब्याने भरायचे तर ते केवढे मोठे लागेल. त्या धाग्याला तांबे जोडायचे. आणि तांब्याच्या दुसऱ्या टोकाला वीस-तीस फूट नितळ तंगूस, म्हणजे माशाला तार दिसू नये. वरच्या जोडात एकतर बारीक फिरती कडी घालतात, एका बाजूला तारेचा तो पीळ आणि दुसऱ्या बाजूला धाग्याची गाठ; कडी इतकी लहान हवी की काठीच्या कड्यांतून आणि रिळावरून न अडता गेली पाहिजे. नाहीतर तांब्याचा छोटा फासा करून त्याभोवती धाग्याचे दहाएक वळसे घट्ट बसवतात. खालच्या जोडातही बहुधा फिरती कडीच, कारण आमिष पाण्यात गरगरते आणि तो पीळ तारेत चढू द्यायचा नसतो.

पीळ चढला की मुरड पडते, आणि मुरड हा तांब्याचा काळ. तांबे मऊ म्हणून आपण त्याला गरीब समजतो, पण ते वाकवले की त्या जागी कडक होते. पुन्हा वाकवले की आणखी कडक, आणि मग ठिसूळ. मुरड बोटाने सरळ केली तर तार डोळ्याला सरळ दिसते, पण आतून ती तिथे मेलेली असते. म्हणून तार सोडताना रिळावर अंगठा दाबून धरायचा, क्षणभरही ढिली पडू द्यायची नाही. भाच्याने पहिल्याच दिवशी अंगठा उचलला. दीडशे फूट तार गमावून बसला, आणि मासा नव्हताच!

तांब्याचे जोड पाण्याखाली टिकवणे हे काही हौशी गरवणाऱ्यांपुरते नाही. फेब्रुवारी १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजाने मुंबईहून एडनपर्यंत समुद्रतळाशी तारायंत्राची तार टाकली तीही तांब्याची. जोडात फट राहिली तर समुद्र आत शिरणार, म्हणून सगळी भिस्त जोड बसवणाऱ्या कारागिरावर.

आता दुसरे ट्रॉलिंग. त्याचाही जन्म तारेतूनच झाला, फक्त ती पोलादाची. १८३४ च्या सुमारास जर्मनीत हार्झ डोंगरातल्या खाणींत विल्हेल्म आल्बर्ट नावाच्या अधिकाऱ्याने तारा पिळून दोर केला. साखळीची एक कडी तुटली की सगळे खाली जाते. पिळलेल्या दोरातली एक तार तुटली तरी बाकीच्या धरून ठेवतात. हाच वायररोप पुढे क्रेनला लागला, गोदीला लागला आणि यांत्रिक ट्रॉलरलाही. दोन पोलादी दोर, त्यांच्या टोकाशी जाळ्याचे तोंड फाकवणारे दोन जड फळे, आणि होडीवर दोर गुंडाळणारे यंत्र. मुंबईजवळ सरकारने १९२१-२२ मध्ये ‘विल्यम कॅरिक’ नावाचा वाफेचा ट्रॉलर लावून पाहिला होता. १९४६ साली मुंबईत खोल समुद्रातल्या मासेमारीचे केंद्र निघाले. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत यांत्रिक ट्रॉलर वाढत गेले, आणि १९८१ मध्ये राज्याला सागरी मासेमारी नियमन कायदा करावा लागला, कारण लहान होड्या आणि ट्रॉलर यांची भांडणे विकोपाला गेली होती.

माझे मत विचाराल तर यंत्राला मी दोष देत नाही. धक्क्यावर उतरणाऱ्या मासळीवर हजारो घरे चालतात. पण पोलादी दोराला तळाशी काय आहे ते कळत नाही. बोटभर पिल्लू आणि तयार मासा एकाच पिशवीत येतात, आणि पिल्लांची रवानगी मासळीच्या भुकटीच्या कारखान्यात होते. गरवणाऱ्याच्या हातात असलेली तार मात्र बोलते. आमिष तळाला घासले, शेवाळ अडकले, मासा नुसता चाखून गेला, हे सगळे हाताला कळते. लहान मासा आला तर गळ सोडवून परत टाकता येतो. कायद्याच्या भाषेत या दोन कामांत फरक आहे, बातमीच्या भाषेतही तो राहायला हवा.

आमच्या पलीकडे दारूखान्यात वायररोपची दुकाने अजून आहेत. मोडीत निघालेल्या जहाजांचे दोर तिथे येतात. २०१४ मध्ये ‘विक्रांत’ही याच दारूखान्यात मोडली गेली. गेल्या महिन्यात नातवाला घेऊन तिथून चाललो होतो. एका दुकानदाराकडे सुरमईसाठी हातभर बारीक तार मागितली. त्याने माझ्याकडे पाहिले, मागच्या खणातून एक रीळ काढले आणि विचारले, ‘आजोबा, पीळ देता येतो ना? नाहीतर तयार फासेवाली घ्या.’ मी साधी तार घेतली. पीळ नातू देतो आहे. सहा झाले, सहाही एकाच बाजूने घसरले.